लाल टोपण, नारिंगी टोपण

आजींना पालखी बघायला जायचं होतं आणि आम्ही त्यांना खाटेवरून पाय खाली टाकू देत नव्हतो. डाव्या तळपायाला जखम, तिच्यात पू, शुगर तीनशेच्या पुढे. गाव सासवडजवळ. दरवर्षी दिवेघाट चढून माउलींची पालखी त्यांच्या गावाजवळून जाते. आणि जून २०२५ मध्ये पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना त्या आमच्या वॉर्डात, खाट नंबर सात. "माउली भवानी पेठेत अन् मी हितं," असं त्या औषधाला येणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, शेजारच्या खाटेला भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सांगत होत्या.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. खासगी आहे, मध्यम आकाराचं आहे, पेठांपासून लांब नाही. मी तिथं नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे.

पालख्यांच्या मुक्कामात शहराचं काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. रस्ते बंद, बस वळवलेल्या, पोलीस हात दाखवतील तिकडे जायचं. त्या रात्री माझ्या जोडीची सिस्टर वाटेतच अडकली ती आलीच नाही. सुपरवायझरनं वरच्या मजल्यावरचा एक ब्रदर अर्ध्या वेळासाठी दिला. एकोणीस पेशंट, मी, अर्धा ब्रदर आणि जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. स्टोअरचा माल घेऊन येणारा टेम्पोही त्या दिवशी पोचला नव्हता. वॉर्डातली इन्सुलिनची शेवटची बाटली दुपारी संपली, म्हणून दुपारच्या डॉक्टरांनी आजींच्या मुलाला चिठ्ठी दिली आणि त्यानं ती बाटली बाहेरच्या मेडिकलमधून आणून दिली. चिठ्ठीवर औषधाचं नाव होतं, 'एक बाटली' असं होतं. ताकद किती, ते लिहिलेलं नव्हतं.

ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना कदाचित माहीत असेल, तरी सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरला ४० युनिट, नाहीतर १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. सिरिंजवरच्या रेघा युनिटच्याच असतात, त्यामुळे जोडी जुळली तर हिशेब करावाच लागत नाही, आणि जुळली नाही तर हिशेब चुकलाय हे डोळ्यांना दिसत नाही. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० ची बाटली ओढली की रेघ दाखवते १२ आणि आत असतात ३०. अडीच पट. आमच्या वॉर्डात वर्षानुवर्षं ४० चीच बाटली आणि लालच टोपण. नारिंगी टोपण मी शेवटचं कधी हातात घेतलं होतं ते मला आठवत नाही.

ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घेऊन झालं, जेवणाची गाडी साडेआठला येते म्हणून आठ वाजून पाच मिनिटांनी मी आजींना १२ युनिट दिलं. म्हणजे मला तसं वाटलं. चार्टवर वेळ लिहिली, सही केली.

साडेदहाच्या आत ती विद्यार्थिनी धावत आली. आजी घामानं भिजल्यात, काहीतरी असंबद्ध बोलताहेत. ग्लुकोमीटरवर शुगर ३८, फार खाली. डॉक्टरांना हाक मारली, २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, १०० मिली शिरेतून गेलं आणि दहा-पंधरा मिनिटांत आजी डोळे उघडून म्हणाल्या, "निघाली का पालखी?" आम्ही हसलो. रात्रीच्या डॉक्टरांनी केसपेपरवर कारण लिहिलं: जेवण कमी. ते खोटं नव्हतं. आजींनी अर्धी भाकरी तशीच ठेवली होती. साखरेची दहा टक्क्यांची सलाईन सुरू झाली, बारा वाजता शुगर चांगली असेल तर बंद करायची असं ठरलं.

साडेअकराला ट्रे आवरून बाटली फ्रीजमध्ये ठेवायला गेले. फ्रीजच्या दारातला दिवा सरळ लेबलवर पडतो. १०० आययू पर एमएल.

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. ०.३ मिलिलिटर. तीस युनिट. हा हिशेब आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

इथं मी काही फार थोर वागले असं कुणाला वाटू नये. पहिला विचार आला तो हा की केसपेपरवर कारण आधीच लिहून झालंय. जेवण कमी. कुणी विचारणार नाही. आजी शुद्धीवर आहेत. बाटली कोपऱ्यातल्या डब्यात टाकली की संपलं. दुसरा विचार लगेच मागोमाग आला आणि त्यानंच मला हलवलं: सलाईन बाराला बंद होणार आहे. तीस युनिट साधं इन्सुलिन सहा ते आठ तास अंगात काम करत राहतं. डॉक्टर समजताहेत की बारा दिलेत आणि जेवण कमी झालंय, म्हणून ते सलाईन थांबवणार, आणि एक-दीड वाजता आजी झोपेत परत खाली जाणार. झोपलेल्या म्हाताऱ्या बाईची शुगर पडली तर ते लक्षात यायला उशीर होतो. म्हणजे खरं सांगणं हा त्या क्षणी उपचाराचाच भाग होता. सांगायचं की नाही, हा प्रश्न उरलाच नव्हता.

डॉक्टर पोरसवदा आहेत, चांगले आहेत. ऐकून ते एवढंच म्हणाले, "सिस्टर, बरं झालं आत्ता सांगितलंत." सलाईन सकाळपर्यंत वाढवली, शुगर दर अर्ध्या तासाला. सव्वा वाजता सलाईन चालू असतानाही ६२ आली. मग वर चढली ती चढली.

नर्सेस नोट्समध्ये मी काय घडलं ते वेळेसकट लिहिलं: कोणती बाटली, कोणती सिरिंज, किती गेलं, डॉक्टरांना कधी सांगितलं, त्यांनी काय करायला सांगितलं. आधीची 'इन्सुलिन १२ युनिट' ही ओळ मी खोडली नाही. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला तारीख, वेळ, सही. हे शिकवलेलं असतं. व्हाइटनर आणि गिरगोटा वर्ज्य. नंतर सुचलेलं लिहायचं तर 'उशिराची नोंद' असं म्हणून, त्या वेळेची वेळ टाकून लिहायचं.

सकाळी इनचार्ज मॅडम आल्या. सगळं ऐकलं, नोट्स वाचल्या, दार लावून घेतलं. मग ड्रॉवरमधून कोरं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. "नीट लिही हे. एवढं कशाला लिहायचं? हायपो झाला, उपचार केले, पेशंट स्थिर. बास." हायपो म्हणजे शुगर पडणं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या मला वाचवत होत्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशी कितीतरी पोरं वाचवली असतील. मी पान घेतलं. दोन ओळी लिहिल्यासुद्धा.

थांबले ती सत्यनिष्ठेपायी नव्हे. मला एकदम आजींच्या मुलाचं पाकीट दिसलं. मेडिकलचं बिल त्यानं घडी करून पाकिटात ठेवलं होतं, हॉस्पिटलच्या हिशेबाला लागेल म्हणून. त्या बिलावर १०० लिहिलेलं असणार. म्हणजे एक कागद माझ्या हातात होता आणि एक त्याच्या खिशात, आणि ते दोघं कधीतरी शेजारी ठेवले जाणार होते. मी मॅडमना हेच कारण सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. खरेपणाचं सांगितलं असतं तर पटलं असतं का, माहीत नाही. त्यांनी माझ्या त्या दोन ओळींचं पान फाडलं. रात्रीच्या नोट्स तशाच राहिल्या.

मग घटनेचा फॉर्म भरला. काय झालं, कधी, कुणाला, लगेच काय केलं, तुमच्या मते कारण काय. मी लिहिलं: बाटलीवरची ताकद वाचली नाही; चिठ्ठीवर ताकद नव्हती; नेहमीची बाटली संपली होती; एकोणीस पेशंटना एक नर्स आणि अर्ध्या वेळाचा ब्रदर. प्रत्येक शब्द खरा.

एक ओळ मात्र मी लिहिली नाही.

बाटली ट्रेमधून उचलताना ती विद्यार्थिनी म्हणाली होती, "सिस्टर, ही बाटली वेगळी दिसतीये." आणि मी म्हणाले होते, "कंपनी वेगळी असेल अगं. ट्रे धर."

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी आजींच्या मुलाला आणि सुनेला बोलावलं. प्रशासनातल्या एकांचं म्हणणं होतं की पेशंट बरा आहे तर हा विषय कशाला काढायचा. मोठे डॉक्टर म्हणाले, "उद्या त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही." मीही तिथं असावं असं मी मागितलं. नाइट करून घरी न जाता थांबले होते, डोळे चुरचुरत होते. डॉक्टरांनी वैद्यकीय शब्द न वापरता सांगितलं: आईंना ठरल्यापेक्षा अडीच पट इन्सुलिन गेलं, त्यानं साखर पडली, आता धोका नाही, हे आमच्याकडून झालं.

मुलाची अंजिराची बाग आहे. जाडेभरडे हात मांडीवर ठेवून तो ऐकत होता. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी चुकीची बाटली आणली?"

या वाक्यानंतर खोलीत दोन-तीन सेकंद कुणी बोललं नाही. ते दोन-तीन सेकंद मला अजून आठवतात, कारण त्यात सगळ्यांचं ओझं त्या माणसाच्या डोक्यावर देऊन मोकळं होता आलं असतं, आणि तो ते घेऊन गेलाही असता. डॉक्टर म्हणाले, नाही, चिठ्ठीवर आकडाच नव्हता, दुकानदारानं दिलं ते तुम्ही आणलं. मी म्हणाले, "दादा, बाटली वाचायचं काम माझं होतं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला बघून येतो."

आजींना घरी सोडलं आठव्या दिवशी. जखम भरत होती. मुलानं केसपेपरच्या प्रती मागितल्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. त्या दिल्या गेल्या, रेघ मारलेल्या ओळीसकट. साधारण तीन आठवड्यांनी हॉस्पिटलला वकिलाची नोटीस आली. तिच्यात माझं नाव होतं. त्याच आठवड्यात मला मेमो मिळाला: आपल्याकडून कर्तव्यात गंभीर निष्काळजीपणा घडल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते, तरी सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

ज्या कागदानं माझं नाव घेऊन 'निष्काळजीपणा' म्हटलं तो हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो माझा रजिस्ट्रेशन नंबर. आपण महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतो तोवर नर्स असतो. १९६६ च्या महाराष्ट्राच्या परिचारिका कायद्यानं ही नोंद बंधनकारक केली आणि चौकशी करून नाव काढायचा अधिकारही परिषदेला दिला. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना आम्ही फीची पावती आणि प्रशिक्षणाचे तास मोजतो, इतकीच त्या नंबरची आठवण येते. आता रात्री झोपेत तो नंबर पाठ म्हटल्यासारखा डोक्यात फिरायचा. नवरा म्हणाला, हॉस्पिटलचा वकील आहे ना, तो बघेल. एका जुन्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचा असतो, तुझा वेगळा बघ.

म्हणून मी शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडे गेले. वैद्यकीय प्रकरणं बघतात. टेबलावर फायलींचा ढीग, बाजूला अर्धा खाल्लेला डबा. त्यांनी माझ्या नोट्सची प्रत दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही त्याच रात्री लिहिलंत?" मी हो म्हटलं. "मग अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय."

त्यांनी मला कायदा जसा समजावला तसा आधी कुणी समजावला नव्हता. शिकताना तिसऱ्या वर्षी कायद्याचा धडा होता, पण तो आम्ही परीक्षेपुरता घोकला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तिथं तक्रार झाली तर पैसे भरायला मुख्यतः हॉस्पिटलला बोलावतील, कारण नोकराच्या चुकीला मालक जबाबदार. मग त्यांनी १९९८ चा एक निकाल सांगितला आणि माझ्या पोटात गोळा आला. एका खासगी रुग्णालयात नर्सनं एका लहान मुलाच्या वडिलांना बाहेरून इंजेक्शन आणायला सांगितलं आणि ते शिरेतून दिलं. ते ठरलेलं औषधच नव्हतं. मुलाचं हृदय बंद पडलं, मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयानं रुग्णालयालाही जबाबदार धरलं. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख भरपाई. "बाहेरून आणलेली बाटली" हे शब्द त्यांनी बोटानं टेबलावर ठोकून म्हटले.

फौजदारीचं वेगळं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं म्हटलंय की प्रत्येक चूक गुन्हा नव्हे. निष्काळजीपणा ढोबळ, अगदी भयंकर असावा लागतो. "तुमची आजी हिंडतेफिरते आहे, त्यामुळे तुम्ही घाबरू नका. पण नवी न्याय संहिता एकदा वाचा," असं म्हणून त्यांनी कलम १०६ उघडलं. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना झाला तर दोन वर्षांपर्यंत. आणि खाली स्पष्टीकरण: वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखाली पात्रता आणि नोंद असलेला. म्हणजे डॉक्टर. त्या व्याख्येत मी कुठं बसत नाही. एकाच खाटेशी आम्ही दोघं उभे असतो, आदेश त्यांचा आणि सुई माझी, आणि कमी शिक्षेची सवलत फक्त एकाला. हे वाचून मी वकीलबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हो, मलाही पटत नाही. पण आहे असं आहे."

मग मी त्यांना ती न लिहिलेली ओळ सांगितली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी विचारलंय तुम्हाला?" नाही. "त्या मुलीला कुणी विचारलंय?" नाही. "मग तुम्हीही सांगू नका. विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्या, खोटं एक अक्षर बोलू नका, पण न विचारलेलं आपणहून देऊ नका. लक्षात येतंय ना फरक? बाटली वाचली नाही ही चूक. कुणी सांगूनही वाचली नाही, हे दुसरंच काहीतरी होतं."

फरक माझ्या लक्षात येत होता, म्हणून तर मी ती ओळ लिहिली नव्हती. कायद्याच्या बाजूनं त्यांचा सल्ला बिनचूक होता आणि त्यासाठीच मी त्यांना फी दिली होती. बाहेर आले तेव्हा कोर्टासमोर पावसात रिक्षा मिळेना. मी उगीच चालत मॉडर्न कॅफेच्या चौकापर्यंत गेले.

आम्हा नर्सेसना दिवा हातात देऊन शपथ देतात ती नाइटिंगेलच्या नावाची आहे, पण तिनं लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली. तिच्यात आहे की अपायकारक औषध मी जाणूनबुजून देणार नाही. जाणूनबुजून. त्या पंधरा दिवसांत मी हा शब्द खूप चघळला. मी जाणूनबुजून दिलं नव्हतं, त्यामुळे शपथ मोडली नाही. पण मला कळावं म्हणून एक पोरगी शेजारी उभी राहून बोलली होती आणि मी तिला ट्रे धरायला सांगितलं होतं. त्या शपथेत याच्यासाठी कलम नाही.

चौकशी समितीत पाच जण होते: अधीक्षक, मेट्रन, एचआरच्या एक बाई, फार्मसीचे प्रमुख आणि दुसऱ्या विभागाचे एक डॉक्टर. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खूप गार एसी. मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळे सभ्य होते. ड्युटीचं रजिस्टर मागितलं, त्यात त्या रात्रीची माणसं मोजली. चिठ्ठी कुणी लिहिली ते विचारलं. त्या डॉक्टरांनाही वेगळा मेमो होता हे मला तिथं कळलं. स्टोअरमध्ये किमान साठा किती असायला हवा यावर फार्मसी प्रमुख आणि अधीक्षक आपसातच जरा बोलले. तासाभरात सगळं संपत आलं होतं आणि मला कळत होतं की हे बरं चाललंय. पालखी, टेम्पो, चिठ्ठी, माणसांची कमतरता, सगळ्यांमध्ये माझी चूक वाटली जात होती, आणि तसं वाटणं अन्यायाचंही नव्हतं.

शेवटी फार्मसी प्रमुखांनी कागद गोळा करता करता विचारलं, "१०० च्या बाटलीचं लेबल वेगळं असतं. वॉर्डात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

सहज विचारलं होतं त्यांनी. "माझ्या लक्षात आलं नाही" एवढं म्हटलं असतं तर तेही खरं होतं.

मी म्हटलं, "आलं होतं. माझ्याबरोबर विद्यार्थिनी होती, ती म्हणाली बाटली वेगळी दिसतीये. मी कंपनी वेगळी असेल म्हणून सोडून दिलं."

एचआरच्या बाईंनी लिहिणं थांबवलं. मेट्रननं चष्मा काढला. "हे फॉर्ममध्ये नाही." मी म्हटलं, "नाही. मी लिहिलं नव्हतं." का लिहिलं नव्हतं हे कुणी विचारलं नाही, त्यांना कळलं असणार. मी का सांगितलं हे मला नंतर माझ्या वकीलबाईंनी विचारलं, जरा वैतागून. मी जे उत्तर दिलं ते असं: त्या पोरीचं पुढच्या वर्षी शिक्षण संपेल, ती कुठंतरी स्टाफ होईल. तिला आत्ता एवढंच माहीत आहे की बोललं तर ट्रे धरायला लावतात. निदान ती बरोबर होती हे कुठंतरी लिहिलेलं असू दे. वकीलबाई म्हणाल्या, "ते कोर्टात तुमच्या बाजूनं नाही जाणार." मी म्हटलं माहीत आहे.

खरं तर एवढं स्वच्छ कारण तेव्हा डोक्यात नव्हतं. त्यांनी विचारलं आणि तोंडातून गेलं.

निकाल लेखी आला. ताकीद, ती वैयक्तिक फाइलला लावली. सहा महिने इन्क्रिमेंट थांबलं. एक महिना औषधं दुसऱ्या सिस्टरच्या देखरेखीखाली. ताकीदीत एक वाक्य होतं, 'सहकाऱ्याने निदर्शनास आणूनही'. ते वाक्य मी आपणहून त्यांच्या हातात दिलं होतं. विद्यार्थिनीच्या कॉलेजला मेट्रननं पत्र पाठवलं, तिच्या दक्षतेबद्दल. आमच्याकडच्या पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे आली, लाजत म्हणाली, "सिस्टर, माझ्यामुळं तुम्हाला..." मी तिला गप्प केलं, परत एकदा. या वेळी बरोबर केलं असं वाटतं.

वॉर्डात बदल झाले. बाहेरून आणलेलं इन्सुलिन घ्यायचं नाही. चिठ्ठीवर ताकद लिहिल्याशिवाय औषध नाही. लाल आणि नारिंगी टोपणांच्या सिरिंज वेगळ्या डब्यांत, डबे वेगळ्या कपाटांत. इन्सुलिन, हेपारिन आणि पोटॅशियम देताना दोन सह्या. पहिल्या तीन आठवड्यांत दुसरी सही करणारी सिस्टर खरोखर येऊन बाटली वाचायची. आता बऱ्याचदा लांबूनच विचारते, "चाळीसचीच ना?" आणि सही करते. मी हे दोन मीटिंगमध्ये बोलले. मान हलवतात. रात्री दोन सह्या करायला दोन माणसं लागतात, हेही बोलले. त्याला मान हलवत नाहीत.

मुलानं ग्राहक आयोगात अजून तक्रार केलेली नाही. हॉस्पिटलनं बिलाचा मोठा भाग माफ केला, दोन्ही वकिलांची पत्रं गेली-आली आणि मग शांत झालं. कायद्यानं घटनेपासून दोन वर्षं मुदत असते. म्हणजे जून २०२७ पर्यंत तो करू शकतो, परिषदेकडेही जाऊ शकतो. वकीलबाई म्हणतात नाही करणार. मला त्यातलं काही सांगता येत नाही, आणि त्यानं केली तर त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

दिवाळीच्या आसपास आजी ओपीडीत आल्या होत्या. पाय भरलाय, चप्पल मऊ घातलेली. मला बघून म्हणाल्या, "ही बाई रात्रभर माझ्यापाशी बसली हुती," आणि सुनेला माझं कौतुक सांगायला लागल्या. त्यांना सांगितलं गेलंय की नाही, की सांगूनही त्यांना एवढंच लक्षात राहिलं, देव जाणे. सून खाली बघत होती.

मुलगा शेवटी उभा होता. त्यानं पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बाटली आणि सिरिंजचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे जुळतंय ना?" आवाजात राग नव्हता, जिव्हाळाही नव्हता. मी बाटली हातात घेतली, वाचली, सिरिंज बघितली. लाल टोपण, चाळीसची बाटली.

"हो, जुळतंय दादा," मी म्हटलं.

त्यानं बाटली परत घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि लेबल स्वतः वाचलं. मग सिरिंजचं पाकीट उलटून तेही वाचलं. मग दोन्ही रुमालात बांधली.